ससा उंदराच्या जातीचा नाही, गिनिपिग मात्र त्या जातीचा आहे. आणि दोघांपैकी कुणालाही शेतात सोडू नका

गेले काही दिवस जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतो आहे. "पालकांनो, वेळीच सावध व्हा" अशी सुरुवात आणि "पुढे पाठवा, एका लेकराचा जीव वाचेल" असा शेवट. मधला मजकूर थोडक्यात असा: ससा, गिनिपिग, हॅमस्टर, पांढरा उंदीर, काटेरी हेजहॉग, शुगर ग्लायडर ही दुकानातून आणलेली सगळी छोटी जनावरं म्हणजे उंदराचीच जात. पुढचे दात मोठे आणि कुरतडायची सवय, ही त्याची खूण. सगळ्यांना एकच दाणा चालतो, सगळी एका पिंजऱ्यात राहतात. घरातला ससा म्हणजे रानातलाच ससा, माणसाळलेला. उंदीर कुठेही जगतो, तशी हीसुद्धा उन्हातान्हात जगतात. चावली तर रेबीज, घरात ठेवली तर प्लेग. १९९४ चं सुरत आठवा. तेव्हा आजच शेतात नेऊन सोडा.

मी तापी-गिरणेच्या पट्ट्यात जनावरांचा दवाखाना चालवतो. गाई-म्हशी, बैल, शेळ्या हे रोजचं काम. पण हल्ली शहरांतून आणि मोठ्या गावांतूनही ससे, गिनिपिग, हॅमस्टर येऊ लागले आहेत. हा मेसेज सुरू झाल्यापासून लोक खोक्यात ससा घालून येतात आणि विचारतात, "डॉक्टर, ससा बी उंदीरनीच जात शे ना?" काहींनी तर न विचारताच सोडून दिले. गावाबाहेरच्या बांधावर सापडलेला एक पांढरा ससा निंदणीला गेलेल्या एका बाईंनी पदरात गुंडाळून दवाखान्यात आणला. कुत्र्यांनी त्याची मागची मांडी फाडली होती. दात खात होता. ससा वेदनेत असला की असा कराकरा दात खातो. त्याला वाचवता आलं नाही. म्हणून हा मेसेज मुद्द्या-मुद्द्याने तपासतो.

"पुढचे दात मोठे, कुरतडतो, म्हणजे उंदीर."

दातांकडे बघायचं, हे बरोबर आहे. फक्त नीट बघायला हवं.

कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांचा गण. सस्तन प्राण्यांतला हा सगळ्यात मोठा गण: सुमारे २५०० जाती, म्हणजे जगातल्या सस्तन प्राण्यांच्या जातींपैकी जवळजवळ ४० टक्के. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते. वरच्या जबड्यात पटाशीच्या दातांचा एकच जोड आणि खालच्या जबड्यात एकच. हे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या फक्त पुढच्या बाजूला कठीण एनॅमल असतं, मागची बाजू त्या मानाने मऊ असते. मागची बाजू आधी झिजते आणि दाताला सुताराच्या पटाशीसारखी धार कायम राहते. सुळे नसतातच, पटाशीच्या दातांनंतर मोठी मोकळी जागा आणि मग एकदम दाढा.

आता सशाचा वरचा ओठ हलक्या हाताने बाजूला करा. समोर दोन मोठे दात दिसतात, अगदी उंदरासारखे. पण बॅटरीचा उजेड थोडा तिरपा टाकला की त्या दोन दातांच्या मागे, त्यांना चिकटून, खुंटीएवढे आणखी दोन बारीक दात दिसतात. हा वरचा दुसरा जोड कोणत्याही कृंतकाला नसतो. सशाच्या पटाशीच्या दातांना एनॅमलही मागून-पुढून, दोन्हीकडून असतं. एकूण दात मोजले तर सशाला २८, गिनिपिगला २०, आणि उंदीर व हॅमस्टरला १६. दवाखान्यात शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी हा दुसरा जोड शोधायला लावतो. एकदा दिसला की पुन्हा घोळ होत नाही.

हा घोळ शास्त्रज्ञांनीही खूप वर्षं केला, हे मान्य करायला हवं. अठराव्या शतकात प्राणी-वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने ससे आणि उंदीर एकाच गणात बसवले. पुढे सशांना "दुहेरी दातांचे कृंतक" म्हणून एक कोपरा मिळाला. १९१२ साली जे. डब्ल्यू. गिडली या अमेरिकी अभ्यासकाने सशांचा गण वेगळाच धरला पाहिजे, अशी मांडणी केली आणि ती टिकली. आज ससे, रानससे आणि हिमालयात दिसणारे बिनशेपटीचे पिका यांचा स्वतंत्र गण आहे. कृंतक हे त्यांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक, हे खरं. पण ती फारकत सहा कोटी वर्षांहून जुनी आहे.

मग दुकानातल्या पिंजऱ्यांपैकी खरे कृंतक कोण? गिनिपिग, हॅमस्टर, जर्बिल, चिंचिला आणि पांढरे उंदीर. अंगणातली खारही कृंतकच आहे. तिच्या पाठीवरच्या पट्ट्यांची रामाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते, त्यामुळे तिला उंदराच्या नात्यात बसवायला मन घेत नाही. पण दातांवरून, कवटीवरून ती त्याच गणातली आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हाही कृंतकच. सातपुड्यात, यावलपासून तोरणमाळपर्यंत, वाटेवर ज्याचे काटे पडलेले सापडतात ते साळिंदरसुद्धा कृंतक आहे. अंगावर काटे असूनही.

आणि मेसेजमधला काटेरी हेजहॉग मात्र नाही! इथे काट्यांवर जाऊन चालत नाही. हेजहॉगला ३६ दात असतात, बारीक, टोकदार, किडे चावायला केलेले. त्याची नातलग शोधायची तर आपल्याच घरात, मोरीच्या कडेने चिकचिक करत पळणारी चिचुंद्री. तिलाही आपण उंदीर समजून झाडूने मारतो. ती उंदीर नाही, धान्याच्या कणगीत तिला रस नाही. ती झुरळं आणि किडे खाते. तिच्या अंगाच्या वासामुळे मांजरही तिला मारून टाकून देतं, सहसा खात नाही. शुगर ग्लायडर तर आणखी लांबचा. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा हा प्राणी पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवतो. त्याचं नातं कांगारूच्या बाजूचं. झाडावरून झाडावर तरंगत जातो म्हणून त्याला उडती खार समजतात, पण खरी उडती खार वेगळी आणि ती कृंतक आहे. फेरेट हा मांसाहारी, मुंगसासारखा. इथे यादी थांबवतो.

या मेसेजला उत्तर म्हणून काही गटांत दुसरं टोकही गाठलं गेलंय: "गिनिपिग उंदीर नाहीच, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." यामागे खरी गोष्ट आहे, पण अर्धवट सांगितलेली. १९९१ साली 'नेचर' या नियतकालिकात काही संशोधकांनी प्रथिनांच्या रचनेवरून गिनिपिग हा कृंतक आहे का, असा प्रश्न उपस्थित केला. १९९६ साली त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने थेट "नाही" असं उत्तर दिलं. त्यावर पुष्कळ वाद झाला. नंतर कितीतरी जास्त जातींचे, कितीतरी जास्त जनुकांचे अभ्यास झाले आणि गिनिपिग कृंतकांतच आहे, हे पक्कं झालं. आधीचे निष्कर्ष थोड्याच जातींच्या तुलनेवर उभे होते. तेव्हा सशाला उंदीर म्हणणं चूक, तसंच गिनिपिगला उंदराच्या गणाबाहेर काढणंही चूक.

"उंदीरवर्गीय म्हणजे घाणेरडा प्राणी" असंही मेसेजमध्ये एका ठिकाणी आलंय. हॅमस्टर आणि पांढरा उंदीर दिवसातून कितीदा तरी पुढचे पाय चाटून तोंड पुसतात, कान साफ करतात. पिंजऱ्याला वास येतो तो लघवीने भिजलेला भुसा आपण बदलत नाही म्हणून. आपण पद्मालयाला जाऊन गणपतीसोबत त्याच्या वाहनालाही हात जोडतो. एखाद्या लेकराने पाळलेल्या पांढऱ्या उंदराचा तिरस्कार करायचं काही कारण नाही. कृंतक असणं हा दोष नाही. तो कृंतक आहे की नाही, आणि कोणता, हे कळायला हवं ते त्याला नीट सांभाळण्यासाठी.

"एकच दाणा सगळ्यांना चालतो."

मेसेजमधला सगळ्यात जास्त जीव घेणारा दावा हाच. रेबीज-प्लेगच्या ओळींनी माणसं घाबरतात, पण जनावरं मरतात ती या ओळीने.

ससा हा गवत खाणारा प्राणी आहे. त्याच्या खाण्यात मोठा वाटा वाळल्या-ओल्या गवताचाच हवा. दाणा अगदी थोडा. गवत चघळताना त्याचा जबडा आडवा, डावीकडे-उजवीकडे फिरतो आणि त्यातून दाढा झिजतात. वरचे पटाशीचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात, दाढाही वाढतच असतात. दाण्यावर, पोळीवर, बिस्किटांवर ठेवलेल्या सशाच्या दाढांना टोकं येतात आणि ती जिभेत, गालात रुततात. मग ससा टोपल्याजवळ येतो, वास घेतो, एखादी काडी तोंडात धरतो आणि खाली टाकतो. हनुवटी लाळेने ओली असते. मालक सांगतो, "भूक आहे, पण खात नाही." तोंड उघडून आत पाहिलं की कारण दिसतं.

खान्देशात यात केळीची भर पडते. रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात केळी विकत घ्यावी लागत नाही, माल कापणीनंतर राहिलेले फणे शेजारीच मिळतात. ससा केळी आवडीने खातो, मुलांना मजा वाटते आणि तो रोज केळीवरच राहतो. साखरेने त्याच्या आतड्यातले जिवाणू बिघडतात, शी पातळ होते, मागचा भाग बरबटतो, त्यावर माशा बसतात, आणि उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सांध्यावर तिथे अळ्या पडतात. एखाद्या दिवशी नखाएवढी चकती दिली तर काही होत नाही. शेव, फरसाण, चहात बुडवलेली पोळी मात्र अजिबात नको.

गवत म्हणजे काय द्यायचं? मारवेल उत्तम. वाळलेला कडबा चालतो, दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा असेल तर पाला वेचून द्या. घास, म्हणजे ल्युसर्न, पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार असतं आणि लघवीत खडा धरतो. कोवळी ज्वारी आणि कापणीनंतर खोडाला आलेले हिरवे फुटवे मात्र टाळा. त्या कोवळ्या पाल्यातलं विष गुरांना कसं बाधतं ते इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तो पाला सशासमोरही टाकू नये.

आणखी एक. ससा पहाटेच्या वेळी स्वतःच्याच गुदाला तोंड लावून मऊ, ओलसर गोळ्या खाताना दिसतो. ही घाणेरडी सवय नाही. गवतातलं पोषण पहिल्या फेरीत पूर्ण मिळत नाही, ते या दुसऱ्या फेरीत मिळतं. एका मालकाने सशाला या "सवयी"साठी मानेभोवती पुठ्ठ्याची गोल कॉलर घातली होती. ती आधी काढायला लावली.

गिनिपिगही गवत खातो, पण त्याची गरज आणखी एक आहे. माणसाप्रमाणे त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. उंदीर, हॅमस्टर, ससा हे ते स्वतः तयार करतात. गिनिपिगला रोज खाण्यातून मिळालंच पाहिजे, दर किलो वजनामागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. म्हणजे हॅमस्टरचा दाणा गिनिपिगला घालत राहिलात, तर काही आठवड्यांत त्याला स्कर्व्ही होते. सांधे सुजतात, अंगाला हात लावला की किंचाळतो, केस राठ होतात, जागेवरून हलत नाही. १९०७ साली नॉर्वेतल्या आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिख यांनी गिनिपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना अगदी हाच आजार झाला; स्कर्व्हीचं कोडं सुटायला त्या प्रयोगाची फार मदत झाली. "एकच दाणा चालतो" या ओळीचं उत्तर एका शतकापूर्वीच मिळालेलं आहे. आपल्याकडे उपायही हाताशी आहेत: पेरूची फोड, आवळ्याचा तुकडा, सिमला मिरची, शेवग्याचा कोवळा पाला. ताजं द्या, सुकलेल्या पाल्यात क जीवनसत्त्व फारसं उरत नाही.

हॅमस्टर खरा दाणेवाला. ज्वारी, बाजरी, थोडा भुईमूग चालतो. हेजहॉगला दाणा देणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. त्याला किडे आणि प्रथिनं लागतात. शुगर ग्लायडरला चीक, मध, किडे असं मिश्र खाणं लागतं आणि ते घरी जमवणं इतकं अवघड आहे की तो इथे पाळूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाण्यासोबत औषधाचंही सांगतो. घरात मुलासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप उरलेलं असतं आणि ससा शिंकतोय म्हणून त्याला दोन थेंब पाजले जातात. सशाला, गिनिपिगला, हॅमस्टरला हे औषध तोंडावाटे देणं जीवघेणं आहे. त्यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात, आणि काही दिवसांत जनावर जातं. इथे सशाचा गण वेगळा असूनही धोका सारखाच आहे, कारण या तिघांचं पोट आतड्यातल्या जिवाणूंवर चालतं. कुत्र्यामांजरांच्या पिसवांवर मिळणारं फिप्रोनिलचं औषधही सशाला लावायचं नाही. दुकानदाराने "सगळ्या पेटला चालतं" म्हटलं तरी नाही.

"सगळे एका पिंजऱ्यात राहतात."

ससा आणि गिनिपिग एकत्र ठेवलेले बऱ्याच घरांत दिसतात, फोटोही छान येतो. पण सशाच्या मागच्या पायाची एक लाथ गिनिपिगचं हाड मोडायला पुरते. शिवाय सशाच्या नाकात बोर्डेटेला नावाचे जिवाणू त्याला काही त्रास न देता राहतात आणि तेच गिनिपिगला न्यूमोनिया करतात. हॅमस्टरचं तर उलट: त्याला त्याच्याच जातीचा जोडीदारही नको असतो. दुकानात मिळणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक सगळे १९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळ पकडलेल्या एकाच वेतातल्या पिल्लांचे वंशज आहेत, आणि हा प्राणी मुळात एकलकोंडा. दोन मोठे हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले की रात्री एक दुसऱ्याला फाडतो. सकाळी मुलांनी ते बघावं असं कुणालाच वाटणार नाही. गिनिपिग मात्र कळपातला. त्याला गिनिपिगचीच सोबत द्या.

"घरातला ससा म्हणजे रानातलाच ससा, माणसाळलेला."

नाही. आपल्या शेतात, माळावर दिसणारा काळ्या मानेचा ससा वेगळ्या वंशाचा आहे. घरातला ससा स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळात राहणाऱ्या सशापासून आला. रानसशाला ४८ गुणसूत्रं, घरातल्याला ४४. दोघांची पिल्लं होत नाहीत. रानससा बीळ करत नाही, झुडपाखाली नुसता दबून बसतो, आणि त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. घरातल्या सशाची पिल्लं उघडी-नागडी, आंधळी. रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. पकडून पाळणं गुन्हा आहे. नांगरताना पिल्लू सापडलं तर तिथेच बाजूला ठेवा, आई संध्याकाळी येते.

"चावली की रेबीज, घरात ठेवली की प्लेग."

रेबीजचं आधी. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान कृंतक आणि ससे यांच्यात रेबीज जवळजवळ सापडतच नाही, आणि त्यांच्यापासून माणसाला तो झाल्याची नोंद नाही. आपल्या देशातल्या रेबीजविषयक मार्गदर्शक सूचनांतही घरातले उंदीर आणि ससे चावले तर सहसा रेबीजची लस लागत नाही, असंच म्हटलं आहे. ससा किंवा हॅमस्टर चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने चांगली धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी आहे का ते डॉक्टरांना विचारा. तुमच्या सशाला आधी एखादा कुत्रा किंवा मुंगूस चावला असेल, तर मात्र ते डॉक्टरांना जरूर सांगा.

सुरतचं नाव आलं की खान्देशातल्या जुन्या माणसांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यांची भीती खरी आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा तिथल्या उधना, लिंबायतमध्ये राहणारी आपली हजारो माणसं मिळेल त्या गाडीने निघाली. तापी व्हॅलीच्या मार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव स्टेशनांवर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं उतरत होती, गावोगाव टेट्रासायक्लिनच्या गोळ्या शोधल्या जात होत्या. हे सगळं घडलं. पण ते घरात पाळलेल्या सशामुळे किंवा हॅमस्टरमुळे घडलं नाही. प्लेगचा जिवाणू रानटी कृंतक आणि त्यांच्या पिसवा यांच्यात राहतो. पिसू चावली की तो माणसात येतो. सुरतमध्ये धास्ती होती ती फुप्फुसाच्या प्लेगची, जो माणसाच्या खोकल्यातून माणसाला होतो. घरातच जन्मलेल्या, घरातच वाढलेल्या, पिसवा नसलेल्या गिनिपिगकडून प्लेग येत नाही.

यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मेसेजमध्ये नाही. पिंजऱ्याखाली सांडलेला दाणा रात्री घरातल्या उंदरांना, घुशींना बोलावतो. ते तिथे मुततात, आणि त्यातून लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा धोका तयार होतो, पावसाळ्यात जास्त. म्हणून दाणा पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवा, रात्री पिंजऱ्याखालची जागा झाडून घ्या, पिंजऱ्याच्या जाळीची भोकं बारीक असू द्या.

खरा, रोजचा आजार सांगायचा तर नायटा. ससा आणि गिनिपिग दोघांकडून तो मुलांना होतो: सशाच्या नाकाभोवती, कानाच्या कडेला केस गळून खपली धरते आणि मुलाच्या हातावर, मानेवर गोल लाल चट्टा उठतो. सशाची खरूजही माणसाला खाज देते. दोन्ही औषधाने बरे होतात. मुलाला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेताना घरात ससा आहे हे सांगा आणि सशालाही त्याच वेळी आमच्याकडे आणा. एकट्याचाच उपचार केला तर तो नायटा पुन्हा फिरून येतो. घरात गरोदर बाई असेल तर हॅमस्टर आणि उंदरांचा पिंजरा तिने साफ करू नये; त्यांच्यातला एक विषाणू गर्भाला घातक ठरू शकतो. हेजहॉग हाताळल्यावर हात धुवायलाच हवेत, पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जिवाणूंसाठी.

"उंदीर कुठेही जगतो, तशी ही उन्हातही जगतात."

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत दुपारी आमच्याकडे पत्र्याच्या शेडमधले, गच्चीवरच्या पिंजऱ्यातले ससे येतात. कान तापून लालबुंद, शिरा ठसठशीत वर आलेल्या, तोंड उघडं, नाकपुड्या ओल्या, हनुवटीवर लाळ. उचलला तर अंग ढिलं. त्यातले सगळे वाचत नाहीत.

मेसेज लिहिणाऱ्याने शेतातला उंदीर दुपारी बघितलेला नाही, कारण तो दुपारी दिसतच नाही. आपल्या कपाशी-ज्वारीच्या शेतातले उंदीर आणि जर्बिल दिवसभर जमिनीखाली खोल, गार बिळात असतात आणि अंधार पडला की बाहेर येतात. ऊन सोसून ते जगत नाहीत, ऊन टाळून जगतात. पिंजऱ्यातल्या प्राण्याला बीळ नाही. ससा घाम गाळत नाही. त्याची उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर पडते, आणि बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असेल तर तीही पडत नाही. त्याला १५ ते २५ अंश मानवतात, ३० च्या पुढे त्रास सुरू होतो. गिनिपिगचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले. तोही उन्हात लवकर कोमेजतो. या काळात नर ससा तात्पुरता नापीकही होतो, हे ससेपालन करणाऱ्यांना ठाऊक आहे.

मार्च संपला की पिंजरा गच्चीवरून, पत्र्याखालून काढा. खालच्या मजल्यावर, मातीच्या किंवा जाड भिंतीच्या खोलीत, फरशीवर ठेवा. पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं गोणपाट टांगा, पण दुसरी बाजू वाऱ्याला मोकळी ठेवा. कूलरचा झोत थेट अंगावर नको, खोलीत असू द्या. बाटलीत पाणी गोठवून ती कापडात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली की ससा तिला टेकून बसतो. पाण्याची नळीची बाटली दुपारी हात लावून बघा. पाणी चहाइतकं तापलं असेल तर तो पीत नाही. झटका आलाच तर कान आणि पंजे साध्या थंड पाण्याने ओले करा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, आणि थेट दवाखाना गाठा.

"आजच शेतात नेऊन सोडा."

बांधावरच्या त्या पांढऱ्या सशाबद्दल सुरुवातीला लिहिलंच आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या प्राण्याला कुत्रा, घार, मुंगूस, कोल्हा माहीत नसतात. पाणी कुठे असतं ते माहीत नसतं. गिनिपिग तर घाबरला की उघड्यावरच थिजून बसतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, भुकेने-तहानेने तडफडेल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे.

सांभाळणं खरंच जमत नसेल, घर लहान आहे, मुलाला दमा आहे, नोकरीसाठी पुण्याला जायचंय, तर जवळच्या पशुवैद्यकाला सांगा. आम्हाला बऱ्याचदा अशी घरं माहीत असतात जिथे आधीच एक ससा नीट सांभाळलेला आहे. नर-मादी एकत्र देऊ नका. मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, मग नव्या मालकापुढेही तोच प्रश्न उभा राहतो. आणि देताना सध्या खातो ते गवत आणि दाणा आठवडाभर पुरेल इतका सोबत बांधून द्या. खाणं एकदम बदललं की सशाचं पोट बंद पडतं, आणि ससा बारा तास काहीच खात नसेल तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात आणावं लागतं.